गळ्यातली पाटी

रेवदंडा
१ जानेवारी २०२५

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. आजोबांना पत्र लिहायला बसवून तुम्हीच ते शिकवलं होतं. पण ऑगस्टमध्ये तुम्ही म्हणालात, "आजपासून तू माझी कोणी नाहीस." मग आता कुठल्या नात्याने तीर्थरूप लिहू ते कळेना. नुसतं बाबा लिहिते. तेवढं सुटत नाही.

फोन तुम्ही उचलत नाही, मेसेज उघडत नाही. एका घरात राहून चार महिने आपण आईच्या तोंडून बोलतोय. "तिला सांग, गीझर बंद कर." पण झाशीतल्या आपल्या नगऱ्याच्या घरी टपाल अजून तुम्हीच दारात जाऊन घेता, आणि आलेलं पाकीट न फोडता ठेवणं तुम्हाला जमत नाही. म्हणून पत्र.

शाळेला थंडीची सुट्टी लागली तशी सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकून मी कोकणात आलेय. आईला ग्वाल्हेरला मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं नव्हतं, खरं तेच सांगितलं होतं. तिने तुम्हाला काय सांगितलं ते तिचं तिला माहीत. आज रेवदंड्याहून निघून समुद्राच्या कडेकडेने रेडीपर्यंत जाणार. रेडीच्या पुढे गोवा. एकटी नाही, बकुळ सोबत आहे. बबीन्याच्या छावणीतल्या सुभेदार काकांची बकुळ, केंद्रीय विद्यालयात माझ्या बाकावर बसायची ती. आता ठाण्यात असते. तेव्हा काळजी नको.

आणि आधीच सांगते, माफी मागायला हे पत्र लिहीत नाहीये.

त्या दिवशी साखरपुड्याचं जेवण वाढलेलं होतं. निशांतच्या घरचे सगळे आपल्या हॉलमध्ये बसलेले. मी पेन काढून सगळ्यांसमोरच पोटात सुई टोचली. अकरा वर्षं जेवायच्या आधी सुई घेतेच, एरवी बाथरूममध्ये. निशांतच्या आईने विचारलं, "हे काय घेतेस, बेटा?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "व्हिटॅमिनचं आहे, जी. थोडी कमजोरी आहे." मी म्हटलं, "नाही काकू, इन्सुलिन आहे. मला तेराव्या वर्षापासून डायबेटिस आहे. रोज घ्यावं लागतं, आयुष्यभर." मी ओरडले नाही, रडले नाही. निशांत ताटाकडे बघत राहिला. ते लोक जेवून गेले, वर मठ्ठा मागून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरहून नकाराचा फोन आला.

तुम्ही म्हणालात, मी तुमचं नाक कापलं. मला विचाराल तर माझंच कोणीतरी रोज थोडं थोडं कापत होतं, ते त्या दिवशी थांबलं.

आईला सांगा, मफलर आणलाय. इथे त्याची काही गरज नाही.

रेवती


हरिहरेश्वर
४ जानेवारी

बाबा,

समुद्राच्या कडेचा रस्ता म्हणजे सपाट असणार, असं मला वाटायचं. आपल्याकडे मोठ गावाच्या रस्त्याने कितीही जा, हँडलवर हात ठेवून झोप काढता येईल. इथे तसं नाही. गाव खाली, सुपारीच्या बागांत, समुद्राला टेकून. गाव सुटलं की छातीवर येणारा चढ. वर पोचलं की उघडा कातळ आणि वाळलेलं पिवळं गवत, त्याला इथे सडा म्हणतात. तिथून एकदम सगळा समुद्र दिसतो. मग ब्रेक दाबत परत खाली, पुढच्या गावात. मध्येच खाडी आली की रस्ताच संपतो. मग गाड्या वाहून नेणारी बोट येईपर्यंत जेट्टीवर बसायचं. आगरदांड्याला एक टेम्पो, एक वऱ्हाडाची बस आणि आमच्या सायकली अशी वरात पलीकडे दिघीला गेली. नवरा मुलगा डोक्याला रुमाल बांधून कडेला उभा राहून ओकत होता.

काशीदच्या पुढे एका वळणावर मी सायकल आडवी टाकून नुसती बसून राहिले. खाली सुरूची झाडं, त्यांच्या पलीकडे पाणी, आणि आपल्यातलं कोणीही आसपास नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

इथे लोक माझं मराठी ऐकून थांबतात. "तुम्ही कुठच्या हो?" झाशी म्हटलं की राणीचं नाव घेतात आणि मग विचारतात, तिकडे मराठी माणसं आहेत अजून? मी म्हणते, आहेत ना भैया, हे बघा. मी 'भैया' म्हटलं की हसतात. दिवेआगरला खानावळीतल्या बाईंना मी म्हटलं, "चहात चीनी नको," तर त्यांनी मला चिनी मिठाच्या गोष्टी सांगितल्या.

गळ्यात ती पाटी आहेच. हो, तीच, जिच्यावरून तुम्ही आईला म्हणालात, "गळ्यात पाटी लटकवून गावभर फिरणार का ही?" फिरतेय. नीट वाचली नसेल तर सांगते काय लिहिलंय. 'मला टाइप-१ डायबेटिस आहे. मी बडबडत असेन किंवा पडले असेन तर मी प्यायलेली नाही. मला साखर द्या.' खाली माझं नाव आणि फोन नंबर.

बाबा, तुम्ही तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात काढलीत. लाल अक्षरात 'धोका' लिहिलेल्या पाट्या तुम्ही स्वतः उभं राहून लावून घ्यायचात. एकदा एक पाटी खिळा निघून पडली तर रविवारी सायंकाळी कपडे करून गेला होतात ती लावायला. तेव्हा कोणी म्हणालं का, कारखान्याची बदनामी होते?

आज आईचा मेसेज आला. इंदूरचे लोक पंधरा तारखेला बघायला येणार आहेत, तुम्ही ठरवलंय. "या वेळी नीट वाग असं बाबांनी सांगितलंय." त्यांना अजून काही सांगितलेलं नाही, हे तिने लिहिलं नाही, पण मला कळलं.

मी येणार नाही. त्यांना खरं सांगून बोलावलंत तर विचार करीन. नाहीतर पंधराला तुम्ही, आई आणि इंदूरचे लोक पोहे खा.

आम्ही उद्या बाणकोटची खाडी ओलांडू.

रेवती


दाभोळ
७ जानेवारी

बाबा,

बोट यायला वेळ आहे म्हणून जेट्टीवर बसून लिहितेय. छोटंच.

मागच्या पत्रात 'आम्ही' लिहिलं होतं. बकुळ तेव्हा सोबत नव्हती. तिचा गुडघा दुसऱ्याच दिवशी सुजला. श्रीवर्धनला तिला एसटीत बसवून दिलं, सायकल टपावर चढवली आणि ती ठाण्याला परत गेली. तिने मला खूप सांगितलं, "तूही चल. एकटीला काही झालं तर अंकलना मी काय सांगू?" मी म्हटलं, अंकल विचारणार नाहीत.

तुम्ही आईवर ओरडाल म्हणून लपवलं होतं. मग काल हर्णैहून येताना विचार केला, लपवाछपवीवरूनच तर भांडण चाललंय आपलं, आणि मी काय करतेय? म्हणून आता सांगते. श्रीवर्धनपासून मी एकटी आहे. बाणकोटची खाडी एकटीने ओलांडली. केळशीला एकटी राहिले. आंजर्ल्याच्या चढावर सायकल ढकलत नेली, आणि वर पोचल्यावर हसू यायला लागलं ते थांबेना.

भीती वाटते का? वाटते. रात्री शुगर तपासते, उठल्यावर तपासते, उशाशी बिस्किटं असतात. भीती मला घरीही वाटतेच. तिथे ती दार लावून वाटते, इतकंच.

बोट आली.

रेवती


पालशेत, गुहागरजवळ
९ जानेवारी

बाबा,

काल काय झालं ते तुम्हाला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं मी सांगते, आणि तुमच्या वाटचंही मला काल इथे कळलंय.

सकाळी गुहागरला पोहे खाल्ले, नेहमीइतकं इन्सुलिन घेतलं. चढ असेल त्या दिवशी कमी घ्यायचं असतं, ते मला झोपेतही कळतं. पण तेवढ्यात आईचा मेसेज आला होता, की बाबा म्हणतात रत्नागिरीहून गाडी पकड आणि निमूट घरी ये. माझं डोकं असं फिरलं की मी रागारागात पॅडल मारत सुटले. शुगर तपासली नाही, मधे काही खाल्लं नाही. चूक माझी. सायकलची नाही आणि आजाराचीही नाही.

पालशेत सोडून हेदवीकडे चढ लागला. ऊन होतं. मला आठवतंय, रस्ता फार रुंद वाटायला लागला आणि हात कापत होते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या होत्या. खिसा कुठे असतो तेच मला समजेना. पुढचं मला आठवत नाही. जे ऐकलं ते लिहिते.

मी रस्त्याच्या कडेला एका घराच्या गडग्याला टेकून बसले होते, गडगा म्हणजे दगडांची भिंत, आणि हिंदीत कोणाला तरी रागावत होते. एक टेम्पो थांबला. त्यातला माणूस म्हणाला, "प्यायलीय बहुतेक. मुंबईच्या पोरी." घरातून कमळाकाकू बाहेर आल्या. पन्नाशीच्या बाई, अंगणात वाल वाळत घालत होत्या. त्यांनी टेम्पोवाल्याला बाजूला सारलं, माझी हनुवटी वर केली आणि पाटी वाचली. मोठ्याने वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

त्यांचे यजमान जनार्दनकाका साखरेचा डबा घेऊन आले आणि मधेच थांबले. "अगो, शुगरवाल्याला साखर कशी द्यायची? पाटी चुकीची छापली असेल. काही झालं तर आपल्या अंगाशी येईल." टेम्पोवाला पण म्हणाला, माझ्या सासऱ्यांना डॉक्टरनी साखर बंद केलीय. काकू म्हणाल्या, खाली नंबर आहे, त्यालाच विचारू.

बाबा, त्या पाटीवर तुमचाच नंबर आहे. आईचा नाही. पाटी बनवताना आपलं बोलणं बंद होतं, तरी हात तुमचाच नंबर लिहून गेला. मला वेळ पडली तर फोन उचलणारा माणूस दुसरा सुचलाच नाही.

काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला होता. तुम्ही काय बोललात ते त्यांनी मला रात्री जेवताना तुमच्या आवाजात करून दाखवलं.

"तुमची मुलगी आहे का हो रेवती? इथे रस्त्यात बसलीय, बोलणं भलतंच चाललंय. पाटीवर साखर द्या लिहिलंय. देऊ का?"

त्या म्हणाल्या, तुम्ही असे ओरडलात की जनार्दनकाकांच्या हातून डबा पडता पडता राहिला. "द्या. आधी द्या, मग बोला. तिला टाइप वन डायबेटिस आहे. लहानपणापासून आहे. शुगर खाली गेलीय तिची. गिळतेय ना? मग पाण्यात चीनी घोळा, भरपूर घाला, घोट घोट पाजा. गूळ नको, वेळ लागेल. बेशुद्ध झाली तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या."

टेम्पोवाल्याने विचारलं, "पण काका, डायबेटिसला साखर चालते?" तुम्ही म्हणालात, "भैया, अकरा साल से मैं ही देता आया हूँ. तू ऐक."

मी माणसात आले तेव्हा फोन चालूच होता. काकूंनी तो माझ्या कानाला लावला. मी म्हटलं, "बाबा." आणि तुम्ही फोन ठेवलात.

मला तेव्हा खूप राग आला. आता रात्रभर झोप झालीय, पोटात भात आहे, शुगर ठीक आहे, तर नीट लिहिते.

मी तेरा वर्षांची होते आणि सुई घ्यायला तयार नव्हते, तेव्हा तुम्ही शर्ट वर करून आधी स्वतःच्या पोटात रिकामी सुई टोचली होती. "बघ, काही नाही." तुमचा चेहरा पांढरा पडला होता. त्याच आठवड्यात शेजारी कोणी विचारलं तर तुम्ही सांगितलंत, मलेरिया झाला होता. ही दोन्ही माणसं तुम्हीच आहात. मला पहिल्यावर कधीच राग नव्हता. दुसऱ्याने मला अकरा वर्षं बाथरूममध्ये जाऊन सुई घ्यायला लावली.

काल तुम्ही तो शब्द परक्या गावात, रस्त्यावर, टेम्पोवाल्यासमोर उच्चारलात. आकाश पडलं का? पालशेतच्या लोकांनी तुम्हाला नावं ठेवली? काकू म्हणाल्या, "बाय, तुझ्या वडलांचं मराठी जरा हिंदीसारखं आहे, पण माणूस खरा." टेम्पोवाला आज सकाळी परत आला होता, सासऱ्यांची गोळी कुठली ते मला विचारायला. मी म्हटलं, दादा, डॉक्टरला विचारा.

मी पाटी लपवून चालले असते तर मी त्या गडग्यापाशी प्यायलेली बाई म्हणून मेले असते. इतकं साधं आहे.

आईला फोन केला होता काल संध्याकाळी. तुम्हाला द्यायला सांगितलं तर म्हणाली, ते दतिया गेटला बाजारात गेलेत. आपल्या घरात भाजी संपली की तुम्ही नगऱ्यातच घेता. बोलायचं नसेल तर नका बोलू, पण आईला खोटं बोलायला लावू नका.

उद्या निघणार. काकू थांब म्हणतात. मी म्हटलं, थांबले तर चढाची भीती बसेल.

रेवती


रत्नागिरी
११ जानेवारी

बाबा,

आज सकाळी मी स्टेशनवर गेले होते. खरंच गेले होते. जयगडची खाडी ओलांडून, गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या वळणांवरून आले, आणि तो रस्ता मी तुम्हाला वर्णन करून सांगणार नाही, कारण तो सायकलवरून बघायचा आहे. गाडीच्या वेळा बघितल्या. आज निघाले असते तर पंधराच्या आत घरी पोचले असते, केस धुतले असते, साडी नेसले असते.

फलाटावर एक मुलगी आईवडलांबरोबर बसली होती. तिच्या आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मला घरची इतकी आठवण आली की मी बाकावर बसले. आणि तिथे बसून एक गोष्ट पक्की ठरवली. मला घरी यायचं आहे. पण हळू आवाजात बोलून यायचं नाही.

म्हणून आता तुमच्यावर सोपवत नाही, सांगते. इंदूरच्यांचा नंबर आईने मला दिला नाही. तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत तर मी कुठूनही नंबर मिळवीन आणि मीच सांगीन. आणि यापुढे प्रत्येक वेळी सांगीन. चहा येण्याच्या आधी सांगीन. ज्याला उठून जायचंय त्याचा चहा तरी वाचेल.

लग्न नाही झालं तर? मी गणित शिकवते, आपलं पोट भरते, आणि कातळावरचे चढ चढते. माझं काही अडत नाही. तुमचं अडत असेल तर ते काय आहे ते एकदा मला तोंडावर सांगा.

शाळेत रजा कळवली आहे. पावसच्या रस्त्याला लागते. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, आणि मग रेडी. हे मी सोडणार नाही.

रेवती


झाशी
१३ जानेवारी २०२५

चि. रेवती हिस आशीर्वाद.

तुझी चार पत्रे मिळाली. पालशेतचे आज आले. माझे पत्र तुला वाटेत कुठे गाठणार, म्हणून हे लिहून तुझी आई विद्या हिला फोटो काढून पाठवायला सांगतो आहे.

त्या दिवशी विद्या खोटे बोलली नाही. मी दतिया गेटलाच गेलो होतो. घरात बसवत नव्हते. तिथे मिठाईच्या दुकानासमोर उभा राहून इंदूरला फोन केला आणि मुलीच्या वडिलांनी सांगायला हवे होते ते सांगितले. विद्यालाही काल रात्रीपर्यंत हे सांगितले नव्हते.

त्यांनी विचारले, आधी का नाही सांगितले. मी म्हणालो, आधी चुकलो, आता सांगतो आहे. मग त्यांनी विचारले, मुलेबाळे होतील का, खर्च किती येतो, अंगाने कमजोर आहे का. मी म्हणालो, ती आत्ता या घडीला कोकणात सायकलवर आहे, तुमचा मुलगा शेवटचा सायकलवर कधी बसला होता? ते म्हणाले, असे बोलणे बरे नाही. मी म्हणालो, मग नका येऊ. ते येणार नाहीत.

फोन तुझ्या कानाला लावला तेव्हा मी तो ठेवला, कारण मला बोलता येत नव्हते. राग नव्हता.

साखरपुड्याच्या दिवशी तू केलेस ते मला अजूनही पटलेले नाही. जेवणाच्या ताटावर नको होते. आदल्या दिवशी माझ्याशी भांडायला हवे होतेस. विद्या म्हणते, ती तुमच्याशी अकरा वर्षे भांडतच होती, तुम्ही ऐकत नव्हता. असेल. त्यावर आपण समोरासमोर भांडू.

एकटी गेलीस यावरूनही भांडायचे आहे. बकुळच्या वडिलांना मी फोन केला होता. तिचा गुडघा बरा आहे.

पालशेतच्या बाईंशी माझे काल पुन्हा बोलणे झाले. त्या म्हणाल्या, तुम्ही या एकदा. येईन म्हटले.

रत्नागिरीहून परत ये असे मी सांगितले होते, ते मागे घेतो. विद्या म्हणते, तू तशीही आली नसतीस. चढाच्या दिवशी इन्सुलिन कमी घे, हे मी तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. राग आला तर आधी शुगर बघ, मग मला फोन कर आणि रागाव. मी उचलीन.

रेडीपर्यंत जा. अर्ध्यावरून येऊ नकोस.

तुझा,
बाबा